कस्तुराबाईंच्या फुलदाणीचं दुसरं कार्ड

बोम्मसंद्र्याच्या एका औषध कारखान्यात रंजिता चौगुले अकरा वर्षं इंजेक्शनच्या बाटल्या तपासत होती. समोर एक काळा बोर्ड, शेजारी पांढरा, वर दिवा. बाटली उचलायची, आधी काळ्यापुढं फिरवायची, मग पांढऱ्यापुढं. काचेत बुडबुडा दिसला, ओरखडा दिसला, तळाशी केसाएवढी चीर दिसली की बाटली लाल ट्रेमध्ये टाकायची. हजारो बाटल्या तिनं बाद केल्या होत्या, पण त्याबद्दल तिला कधी कुणी शाबासकी दिली नव्हती. एखादी खराब बाटली नजरेतून सुटली की मेमो मात्र हातात पडायचा.

ती निपाणीकडची. घरी मराठी आणि शाळेत कन्नड असं शिकून ती बेंगळुरूला आली आणि गवीपुरात फत्तेसिंग मोहिते यांच्या घरी वरच्या खोलीत राहू लागली. मोहित्यांचं घराणं चारशे वर्षांपूर्वी या मुलखात आलेलं. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलं होतं की पहिले काही दिवस रंजिताला हसू यायचं. मग सगळे म्हणतात तसं तीही त्यांना अण्णा आणि त्यांच्या बायकोला, मालनबाईंना, अक्का म्हणायला लागली.

अण्णा एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. नोकरीत असल्यापासून त्यांना एकच नाद, जुन्या विलायती काचेचा. कँटोन्मेंटातले बंगले विकले जायचे, आतलं सामान लिलावात निघायचं, आणि अण्णा दर रविवारी सायकलवरून तिथं हजर व्हायचे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या फुलदाण्या, झालरीच्या काठाचे वाडगे, अत्तराच्या कुप्या. तीन कपाटं भरून दोनशे बारा वस्तू त्यांनी जमवल्या होत्या आणि प्रत्येकीचं एक कार्ड लिहिलं होतं. शहरात कुणाकडं जुनी काच निघाली की लोक अण्णांना बोलवायचे. त्यांनी पाहून कार्ड लिहून दिलं की तो शेवटचा शब्द.

तीन वर्षांपूर्वी अण्णांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. जिकडं बघावं तिथं मधोमध धुरकट डाग. कडेकडेनं दिसायचं, पण समोर धरलेली वस्तू दिसायची नाही. एका संध्याकाळी रंजिता खाली किल्ली मागायला गेली, तर अण्णा एक लाल वाडगा डोळ्यांजवळ नेऊन, लांब धरून, पुन्हा जवळ नेऊन बघत होते.

"अण्णा, आत बुडबुडा आहे. दोन आहेत. डावीकडच्या काठाखाली," ती सवयीनं म्हणाली.

अण्णांनी वाडगा खाली ठेवला. "तुला तिथून दिसला?"

"आमचं कामच ते. आमच्याकडं असता तर लाल ट्रेमध्ये गेला असता."

अण्णा मोठ्यानं हसले. "बस स्वल्प, जरा ऐक. हा बुडबुडा म्हणजे फुंकणाऱ्या माणसाचा श्वास आहे. सव्वाशे वर्षं आत अडकून बसलाय. याला बाद करतेस होय?"

तिथून सुरू झालं. रविवारी सकाळी मालनबाईंचा उपमा खाऊन दोघं कपाटापुढं बसायची. रंजिता दिसेल ते सांगायची आणि त्याचा अर्थ अण्णा सांगायचे. वस्तू उलटी करून आधी तळ बघायचा. शंभर वर्षं टेबलावर सरकलेल्या वस्तूच्या बुडावर बारीक ओरखडे हवेत, तेही सगळ्या दिशांना. एकाच दिशेचे असतील तर कुणीतरी कागदानं घासलंय. फुंकनळीपासून तोडल्याची खूण बोटाला लागते का ते बघायचं. साच्याचा सांधा नखाला लागतो का तेही. रंग काचेच्या अंगात आहे की वरून चढवलाय, हे काठाशी भिंग धरून तपासायचं.

एक वाटी त्यांनी तिला अंधाऱ्या देवघरात नेऊन दाखवली होती. वरून गुलाबी, खाली उतरत फिकट पिवळी, अंगाला मऊ, चकाकी नसलेली. "याला बर्मीज म्हणतात. काचेतच सोनं आणि युरेनियम. दुसऱ्यांदा आच लागली की वरचा भाग गुलाबी होतो, खालचा पिवळाच राहतो." अण्णांनी युरेनियम उजळवणारा जांभळा टॉर्च लावला आणि वाटी हिरवट पिवळ्या उजेडानं पेटल्यासारखी झाली. रंजिताच्या तोंडून "आई गं!" निघालं.

गेल्या माघात अण्णांना हेब्बाळहून फोन आला. दिव्यश्री घोरपडे नावाच्या निवृत्त शिक्षिका बोलत होत्या. त्यांच्या वडिलांच्या, व्यंकोजीरावांच्या बर्मीज फुलदाणीला अण्णांनी २००३ साली कार्ड लिहून दिलं होतं. आता जुन्या वस्तूंच्या एका प्रदर्शनात ती मांडायची होती. कार्डाची शाई फिकी पडली होती, नवीन मिळेल का?

"रंजिता, तू जाऊन ये," अण्णा म्हणाले. "उंची माप, फोटो काढ, जुन्यावरचं उतरवून घे. फार सुंदर वस्तू आहे. या शहरात तशी दुसरी फुलदाणी नाही."

हेब्बाळ तळ्याजवळच्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिव्यश्रींनी दार उघडलं. खिडकीशी त्यांच्या आई कस्तुराबाई बसल्या होत्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. लोखंडी कपाट उघडून, दोन शालींमध्ये गुंडाळलेली फुलदाणी दिव्यश्रींनी टेबलावर ठेवली. कस्तुराबाईंनी खुर्ची जरा मागं सरकवली.

वीतभर उंची, वर गुलाबी, खाली पिवळी, अंगावर आयव्हीची पानं रंगवलेली. रंजितानं उंची मापली. मग हात आपोआप गेले तसे जाऊ दिले. तळ उलटा केला तर तो स्वच्छ, कडा कोऱ्या, ओरखडा शोधूनही सापडेना. काठाशी भिंग धरलं. गुलाबी रंग काठावर येऊन एका रेघेत संपत होता. आत पांढरी काच, बाहेर गुलाबी साल. तिनं बाथरूममध्ये नेऊन अण्णांचा टॉर्च लावला. काही म्हणजे काही उजळलं नाही.

"सरी आहे ना? सगळं ठीक?" दिव्यश्रींनी विचारलं.

"हो... मी अण्णांना सांगते, ते कळवतील," रंजिता कसंबसं म्हणाली. चहा अर्धा टाकून ती निघाली.

बसमध्ये तिनं मोबाइलवरचे फोटो पुन्हा पुन्हा मोठे करून पाहिले. बाटली असती तर क्षणात लाल ट्रेमध्ये गेली असती. पण त्या कार्डाखाली अण्णांची सही होती. ज्यांच्याकडून ती हे सगळं शिकली, त्यांनाच आता तुम्ही चुकलात म्हणून सांगायचं? तेही डोळे गेल्यावर, जेव्हा त्यांच्याकडं त्या कार्डांशिवाय फारसं काही उरलं नव्हतं?

दोन दिवस तिनं काही ना काही कारण काढून खाली जायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी मालनबाईच जिना चढून आल्या, हातात गूळ घातलेल्या दोन पोळ्या.

"काय झालं गं? भाडं वाढवलं नाही आम्ही, की तू रुसावंस."

रंजितानं सगळं सांगितलं. मालनबाईंनी पोळ्या तिच्या हातात दिल्या. मग म्हणाल्या, "ऐक. त्यांची नजर गेली तेव्हा मी विचारलं, आता काय करणार? तर म्हणाले, खोटं बोलणार नाही असं माणूस भेटलं तर चालून जाईल. मग तू भेटलीस. आता तूच त्यांना लहान मुलासारखं सांभाळून घ्यायला लागलीस तर त्यांनी बघायचं कुणाच्या डोळ्यांनी?"

रंजिता खाली गेली. अण्णा ओट्यावर ऊन खात बसले होते. तिनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. अण्णांनी मध्ये तोंड घातलं नाही. मग एकेक विचारलं.

"तळ?"

"कोरा."

"काठ?"

"गुलाबी साल आहे, अण्णा. रेघ दिसते."

"टॉर्च?"

"अंधार केला होता. नाही पेटली."

अण्णांनी हवेतच अंगठा फिरवला, जणू तळ चाचपत होते.

"तळ कोरा होता," ते म्हणाले. "ते तेव्हाच माझ्या बोटांना कळलं होतं. मनात पाल चुकचुकली होती. पण व्यंकोजीराव समोर बसलेले, डोळ्यांत पाणी. आणि माझ्याकडं तेव्हा ती वाटीही नव्हती, बर्मीज बघायची इतकी हाव होती... टॉर्च तेव्हा नव्हता माझ्याकडं, पण भिंग होतं. खिशातच होतं. मी ते काढलं नाही." त्यांनी चाचपडत तिचा हात धरला. "बरं केलंस. थँक्स हा शब्द लहान पडतोय, पण दुसरा मला येत नाही. तू सांगितलं नसतंस तर ते खोटं माझ्या सहीनं माझ्यामागं राहिलं असतं."

अकरा वर्षांत तिनं शोधलेल्या दोषाबद्दल तिचे आभार मानणारा हा पहिला माणूस. ती नुसती त्यांच्याशेजारी ओट्यावर बसली.

"फोनवर नको," अण्णा म्हणाले. "मी स्वतः जाणार."

पुढच्या रविवारी दोघं हेब्बाळला गेली. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. फ्लॅटमध्ये ते फुलदाणीपुढं बसले, ती उलटी करून तळावरून अंगठा फिरवला, मग काठावरून. मग कस्तुराबाईंच्या दिशेनं तोंड करून, हात जोडून म्हणाले, "अक्का, बावीस वर्षांपूर्वी मी तुमच्या घरी चुकीचं लिहून दिलं. ही व्हिक्टोरियाच्या काळातली नाही. साठेक वर्षांपूर्वीची नक्कल आहे. हाताची आहे, चांगली आहे, पण नक्कल. चूक माझी. या मुलीनं ती पकडली."

दिव्यश्रींचा चेहरा उतरला. "पण मग बाबांना इंग्रज साहेबांनी दिली हे पण..."

"ते खोटं कशाला असेल?" कस्तुराबाई पहिल्यांदाच बोलल्या. आवाज बारीक, पण ठाम. "साहेब कॉफीचा मळा विकून बासष्टात गेला तेव्हा त्यानं दिली. नवीन होती, पेटीतच होती. जुनी आहे असं तो म्हणालाच नव्हता. जुनी तर यांनी केली." त्यांनी अण्णांकडं बोट दाखवलं.

अण्णांनी मान खाली घातली. रंजिताला वाटलं, आता शिव्या पडणार.

"मी चाळीस वर्षं तीत निशिगंध ठेवायची, खाली विणलेला रुमाल घालून," कस्तुराबाई म्हणाल्या. "रोज सकाळी पाणी बदलायची. मग तुमचं कार्ड आलं. हे म्हणाले, हात लावू नकोस, फुटेल. शाल गुंडाळून कपाटात ठेवली. हे गेल्यावर हिनं कुलूप लावलं. मला बघायलासुद्धा मिळेना. आलेल्या पाहुण्यांना दाखवायचे, आणि मी खुर्ची मागं घ्यायची, धक्का लागेल म्हणून."

दिव्यश्री आईकडं बघतच राहिल्या. "आई, तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? शंभर वर्षांची वस्तू आणि मी म्हातारी, कुणाची किंमत जास्त?" आणि त्या हसल्या. "आता फुटली तर फुटू दे की. दे इकडं."

दिव्यश्रींनी फुलदाणी त्यांच्या मांडीवर ठेवली. कस्तुराबाईंनी ती दोन्ही हातांनी धरली, पदरानं पुसली, आयव्हीच्या पानांवरून बोट फिरवलं. मग अण्णांना म्हणाल्या, "तुम्ही चांगलं केलंत हो. स्वतः येऊन सांगितलंत. माणसं फोनसुद्धा करत नाहीत." रंजिताकडं वळून त्यांनी तिच्या गालांवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "आणि तुझी नजर अशीच राहू दे."

प्रदर्शनाला फुलदाणी गेली नाही. दिव्यश्री खाली फाटकापाशी फुलवालीकडं गेल्या. निशिगंध नव्हता, शेवंती मिळाली. कस्तुराबाईंनी देठ स्वतः कापले. दुपारचं जेवल्याशिवाय त्यांनी कुणाला सोडलं नाही.

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीपाशी बसले होते. मेखरी सर्कल आलं तसे ते तिच्याकडं वळले. मग म्हणाले, "बाहेर लिहून दिलेली साठेक कार्डं आहेत माझी. घरची दोनशे बारा वेगळी. सगळी परत बघायची. करशील?"

"रविवारी तेवढाच वेळ मिळतो, अण्णा. वर्षं लागतील."

"लागू देत. मला कुठं घाई आहे?"

त्याला आता चार महिने झाले. रंजिता बघते, अण्णा बोटांनी तपासतात, आणि दोघांचं एकमत झालं तरच लिहितात. नव्या कार्डांवर दोघांच्या सह्या असतात; पहिलं कस्तुराबाईंच्या फुलदाणीचं होतं. घरच्या सोळा वस्तूंचं वय त्यांनी कमी केलं आणि एकीचं तीस वर्षांनी वाढवलं. त्या दिवशी मालनबाईंनी शिरा केला. बाहेरच्या सात जणांना, कार्ड पुन्हा तपासायचंय म्हणून, अण्णांनी स्वतः फोन केले. दोघं चिडले, एकानं फोन आपटला. चौघांनी मात्र अण्णा आणि रंजिताला चहाला बोलावलं, आणि त्यातल्या एका घरी रंजितानं मांजराला दूध घालायची हिरवी बशी टॉर्चखाली धरली, तेव्हा ती लखलखून पेटली.