टिकलीभोवतीचं अंगण

मास्तरांनी काचेची प्लेट पालथी करून काळ्या कापडावर धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पट्टी लावली. सतरा मिलिमीटर. त्यांनी मान किंचित तिरकी केली, तर अठरा दिसू लागले. मान सरळ केली, पुन्हा सतरा.

अठरा भरले असते तर औषध लागू. सतरा म्हणजे धड होकार नाही, धड नकार नाही.

मास्तर शाळेतले नव्हते. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं जंतू वाढवणारे तंत्रज्ञ. पण दिसेल त्याला समजावून सांगायची खोड अशी, की नाव चिकटलं ते चिकटलंच. प्लेट होती वॉर्डातल्या एका नऊ वर्षांच्या मुलीची. प्रश्न विचारून विचारून तिनं नर्सना भंडावून सोडलं होतं, म्हणून सगळ्या तिला ‘चौकशी’ म्हणत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळलेली, दहा दिवस ताप, आणि जंतू असा निगरगट्ट की नेहमीच्या औषधांना भीकच घालत नव्हता. एकही औषध लागू पडलं नाही, तर गुडघा पुन्हा उघडावा लागेल, असं डॉक्टरांनी तिच्या आईला सांगून ठेवलं होतं.

परवाच मास्तरांनी खाटेशेजारी बसून तिची शिकवणी घेतली होती.

“जेलीवर जंतू गवतासारखे उगवतात. त्यावर औषधाच्या टिकल्या ठेवायच्या. औषधात दम असेल तर टिकलीभोवती मोकळं अंगण पडतं.”

“आणि दम नसेल तर?”

“गवत थेट दारापर्यंत.”

“मग माझं अंगण नीट मोजा, मास्तरकाका.”

“मी मोजतो, आकडा चिठ्ठीवर लिहितो आणि पाठ फिरवतो. मग दुसरं माणूस मोजतं. दोन्ही जुळले तरच खरे.”

“का? तुमच्यावर विश्वास नाही का कुणाचा?”

“माझाच नाही. आवडत्या माणसाचं माप डोळे वाढवून सांगतात.”

आता सहापैकी पाच टिकल्यांच्या दारापर्यंत गवत होतं. सहाव्या टिकलीभोवती तेवढं सतराचं अंगण. मास्तरांनी चिठ्ठीवर सतरा लिहिलं, घडी घातली आणि पाठ फिरवली.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी मोजलं. “सतरा.”

मास्तरांनी खिडकीची कडी उगाच काढून पुन्हा लावली.

“आपला पाळीव काय म्हणतोय?” मॅडमनी विचारलं.

पाळीव म्हणजे प्रयोगशाळेनं जपलेला गरीब, ओळखीचा जंतू. त्याच्यावर कोणत्या टिकलीचं अंगण किती पडतं, ते आधीपासून ठाऊक असतं. रोज त्याचीही एक प्लेट लावायची. त्याचं माप चुकलं, तर त्या दिवसाचा सगळा कारभार चुकला. मॅडमनी पट्टी लावली. पाळीवाची अंगणंही आक्रसलेली होती.

त्यांनी प्लेट आडवी धरून जेलीची जाडी पाहिली.

“या प्लेटा कुणी ओतल्या?”

“मीच,” मास्तर म्हणाले.

“जेली ओतली की जेवायला वाढली?”

मास्तरांचे कान लाल झाले. पोरीच्या नावाच्या प्लेटा म्हणून हात जरा सढळच सुटला होता. जेली जाड झाली की औषध खाली मुरतं, बाजूला कमी पसरतं, हे त्यांनी आजवर किती शिकाऊंना बजावलं असेल!

“एक दिवस फुकट घालवला मी तिचा,” ते म्हणाले.

“मग आज मोजून ओता. चार मिलिमीटर. आणि आधी वॉर्डात जाऊन सांगून या.”

मास्तर गेले. आई खिडकीशी पाठमोरी उभी होती. अलीकडे धास्तीनं ती तपासणीचा कुठलाच कागद हातात घेत नसे.

“काका चुकले,” मास्तरांनी चौकशीला सांगितलं. “उत्तर उद्या.”

“तुम्हाला कुणी ओरडलं का?”

“मॅडम.”

“खूप?”

“बेताचंच.”

चौकशीनं तापलेल्या हातानं त्यांच्या हातावर थोपटलं. “होतं असं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर जवळजवळ पळतच वॉर्डात आले. पाळीव शहाण्यासारखा वागला होता, दोन आकडे जुळले होते, डॉक्टरांनी औषध लिहून बाटली टांगायलाही सांगितली होती. मास्तरांच्या हातात प्लेटचा तेवढ्याच मापाचा छापील फोटो होता. जंतूंना वॉर्डात यायची परवानगी नव्हती.

“सांगू?”

“नको. पट्टी द्या. तुम्ही पाठ फिरवा.”

मास्तरांनी पाठ फिरवली. मागे बराच वेळ कागद खसखसला.

“वीस.”

“एकवीस आहेत.”

“वीस.”

“अगं, मी आणि मॅडमनी दोघांनी...”

“आकडे जुळले तरच खरे. तुम्हीच म्हणालात.” चौकशी खिडकीकडे वळली. “आई, तू मोज. आणि तू लाड करायचे नाहीत.”

आई जागची हलेना. मग आली, खाटेच्या कडेला बसली. मास्तरांनी तिला कडेपासून कडेपर्यंत कसं मोजायचं ते दाखवलं आणि नियमाप्रमाणे पुन्हा पाठ फिरवली. नर्स औषधाची बाटली टांगत होती, तीही थांबली.

“एकवीस,” आई म्हणाली.

“बघ,” मास्तर म्हणाले आणि वळले.

आईनं पट्टी खाली ठेवली नव्हती. त्याच वर्तुळाच्या कडेवर शून्य जुळवून, ओठांतल्या ओठांत एकेक आकडा म्हणत, ती पुन्हा पहिल्यापासून मोजत होती.