रेडिएटरमधली हळद

मंजुषाबाईची टर्बो गाडी वीस वर्षं जुनी, पण अजूनही वाऱ्यासारखी पळते. यंदा मात्र तिचं कूलंट रोज कमी होत होतं अन् खाली एक थेंबही दिसत नव्हता. म्हणून त्यायनं ती भद्रावतीत माझ्या गॅरेजवर आणली.

मी पंपानं प्रेशर दिलं, तशी रेडिएटरच्या बाजूनं बारीक धार सुटली. रेडिएटर काढून उलटा केला, तर आतून पिवळा गाळ पडला. हळद होती. गळती बुजवायले लोक टाकतात, अन् मग नळ्याच बुजतात.

माझं डोकं फिरलं. चार गिऱ्हाइकं बसली होती, त्यायच्यासमोरच बोललो, "कोण्या गाढवानं टाकली हळद अशा गाडीत? असल्याच्या हाती पाना देऊ नये."

मंजुषाबाई खाली पाहत म्हणाल्या, "असंल कोणी रस्त्यावरचा मिस्त्री. जाऊ द्या, भाऊ."

त्या गेल्यावर गाळ पुसता पुसता मले आठवलं. तीन वर्षांआधी गोंडपिपरीच्या रस्त्यावर हीच गाडी तापली, तेव्हा त्यायच्या बाबानं मलेच बोलावलं होतं. अन् जवळच्या घरून वाटीभर हळद मागून आणायले मी मंजुषाबाईलेच धाडलं होतं.