मेत्ताची दाढ

मेत्ता दोन दिवस एकाच बाजूने चावत होती. राकेशच्या ते लक्षातही आलं नव्हतं, पण प्रितीच्या नजरेतून काही सुटत नाही. तिने मोबाईलचा टॉर्च लावून लेकीच्या तोंडात पाहिलं, तर खालच्या दाढेवर काळा ठिपका.

"दुधाची दाढ ती," सासूबाई म्हणाल्या. "आज ना उद्या पडायचीच. पडणाऱ्या दाताला कसला गं डॉक्टर?"

"आई, ही दाढ दहा-अकरा वर्षांपर्यंत राहते. मेत्ता आत्ता पाच वर्षांची आहे."

"गूगलबाई बोलल्या वाटतं," राकेश चप्पल घालता घालता म्हणाला आणि कामावर निघून गेला.

गूगलबाई बरंच काही बोलल्या होत्या. पू, सूज, ताप, खाली तयार होणारा पक्का दात. प्रितीने सगळं वाचलं होतं. तिने दादरला डॉक्टर अंबिकांकडे शनिवार संध्याकाळची वेळ घेतली. नायगावातल्या त्यांच्या चाळीत खालच्या मजल्यावरच्या मुलांनी मेत्ताला आधीच सांगून ठेवलं होतं की दातांचा डॉक्टर हिरडीत सुई खुपसतो. त्यामुळे शनिवारी सासूबाईही निघाल्या. "पोर घाबरेल. मी असले की शांत बसते ती."

प्रिती साडी बदलायला आत गेली तेवढ्यात त्यांनी नातीचं तोंडही धुऊन दिलं. सासूबाईंची मदत झाली, म्हणून प्रितीला बरंच वाटलं.

बसमध्ये मेत्ता गप्प होती. दवाखान्यात पोचेपर्यंत तिच्या कपाळावर घाम आला. घाबरलीय, प्रितीला वाटलं.

डॉक्टर अंबिकांनी मेत्ताला आधी खुर्चीच दाखवली. बटण दाबलं की वर जाते, पुन्हा दाबलं की खाली येते. मग एका लांब दांडीचा छोटा आरसा तिच्या हातात दिला. वाऱ्याची नळी तिच्या तळहातावर फुस्स करून दाखवली. "आज मी फक्त दात मोजणार. काही टोचायचं नाही, काही काढायचं नाही. मम्मीच्या मांडीवर बसूनच मोजू. चालेल?"

मेत्ताने तोंड उघडलं. डॉक्टरांनी आरसा आत घातला आणि त्या थांबल्या. "हिला दाढेला काय लावलंय?"

"काही नाही, ब्रश केलाय," प्रिती म्हणाली.

"मिश्री," कोपऱ्यातल्या स्टुलावरून सासूबाईंचा आवाज आला. "चिमूटभरच. दुखत होती ना. आणि डॉक्टरसमोर दाढ काळी दिसायला नको म्हणून जरा घासून दिली."

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मेत्ता बाजूच्या बेसिनमध्ये ओकली.

पुढची काही मिनिटं प्रितीला नीट आठवत नाहीत. डॉक्टर मात्र गडबडल्या नाहीत. त्यांनी मेत्ताला चुळा भरायला लावल्या, हिरडी ओल्या कापसाने पुसून काढली, नाडी पाहिली, मग तिला घोट घोट पाणी देत बसवून ठेवलं. "उलटी झाली ते बरंच झालं. थोडीच गेली होती पोटात. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आजी. एवढ्याशा जिवाला ती विषासारखी."

"आई," प्रिती म्हणाली. मेत्ताला तिने आणखी जवळ ओढलं.

सासूबाईंनी पदर ओठांवर धरला होता. "माझ्या आईने मला हेच लावलं होतं. परळला आमच्या चाळीत पोराची दाढ दुखली की मिश्रीच लावायचे. दुखणं थांबायचं."

"थांबायचंच. जागा बधिर होते ना," डॉक्टर म्हणाल्या. "मग तुमची मिश्री सुटली का नंतर?"

सासूबाईंनी मान हलवली. नाही.

हळूहळू मेत्ताच्या गालांवर रंग आला, पण ओठ काही उघडेनात. प्रितीने आईस्क्रीम कबूल केलं. उपयोग नाही. दाढ नीट पाहिली नाही तर कीड किती खोल गेलीय ते कळणार कसं? प्रिती रडकुंडीला आली.

"आधी आजीचे मोज," मेत्ता म्हणाली.

प्रितीच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत तिने सासूबाईंना पदराशिवाय हसताना पाहिलं नव्हतं. काळे पडलेले दात दिसतील म्हणून हसू आलं की हात आपसूक वर जायचा. आता त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा नातीकडे. मग पदर कमरेला खोचला आणि खुर्चीत जाऊन बसल्या. "मोजा बाई. आहेत किती तेच बघू."

मेत्ताने प्रितीच्या मोबाईलचा टॉर्च धरला. डॉक्टर मोठ्याने मोजू लागल्या आणि मध्ये एक जागा रिकामी आली की मेत्ता "गेला" म्हणू लागली. सासूबाई तोंड उघडं ठेवूनच हसल्या. मग डॉक्टरांनी त्यांचा डावा गाल आरशाने बाजूला केला आणि आकडा चुकल्यासारख्या क्षणभर थांबल्या. प्रितीच्या ते लक्षात आलं.

पण आधी मेत्ताची पाळी. ती आजीच्या मांडीवर बसून आ करून राहिली. कीड वरवरचीच होती. पुढच्या शनिवारी साफ करून भरायची, सुई बहुतेक लागणार नाही. बाकीच्या दातांवर किडीपासून जपणारं एक औषध ब्रशने फिरवलं. "टूथपेस्ट वाटाण्याएवढी. रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही आणि तो तुम्ही स्वतः करून द्यायचा. आणि दुखायची वाट न बघता सहा महिन्यांनी दाखवायला आणा."

मेत्ता बाहेरच्या टाकीतले मासे बघायला गेली, तेव्हा डॉक्टर सासूबाईंकडे वळल्या. "गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. मिश्री धरता तिथेच. आज मी त्याला काही नाव देणार नाही. मिश्री आजपासून बंद. दोन आठवड्यांनी परत बघू. गेला नाही, तर बारीकसा तुकडा तपासायला पाठवू."

"मिश्रीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही हो."

"सगळ्याजणी हेच सांगतात. होईल सवय. सुरुवातीला डोकं दुखेल, चिडचिड होईल. घरच्यांनी जरा सांभाळून घ्यायचं." शेवटचं वाक्य प्रितीकडे बघून होतं.

बसस्टॉपवर मेत्ता प्रितीच्या खांद्यावर झोपून गेली. दवाखान्यातून निघताना प्रितीने सासूबाईंना सुनावायचं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. पुन्हा माझ्या लेकीला काहीही लावायच्या आधी मला विचारा, इथून सुरुवात होती.

"राकेशला सांगशील?" सासूबाईंनी विचारलं. त्या रस्त्याकडे बघत होत्या.

"कशाचं? मेत्ताचं की तुमच्या गालाचं?"

"दोन्ही."

प्रितीने लेकीचं डोकं सावरलं. एक बस आली आणि गेली, त्यांची नव्हती.

"तुम्हीच सांगा," ती शेवटी म्हणाली. "मी शेजारी बसते."

सासूबाईंनी मान डोलावली आणि तिच्या खांद्यावरची पर्स काढून स्वतःच्या खांद्याला अडकवली.