ताईसाठी मोठं बटण

धाकट्याला आपल्या हुशारीचा भारी तोरा होता. घरातलं शेंडेफळ, म्हणून ताई त्याला अजूनही धाकट्याच म्हणायची. आपणही तेच म्हणू. इस्पितळांतल्या औषधखिडक्यांवर चालणारं सॉफ्टवेअर त्याची कंपनी बनवायची. प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं की काय बदललं, कोणासाठी आणि का, याची नोंद करायचीच, हा तिथला कडक नियम. एकही रकाना रिकामा सोडता येत नसे. त्या रुक्ष नोंदींवरून ‘नवीन काय?’ हे साध्या भाषेतलं पान एक वयस्क बाई वर्षानुवर्षं लिहायच्या. धाकट्याने ते काम यंत्रावर टाकलं. आज नोंद पडली, की उद्या सकाळी पान प्रत्येक खिडकीच्या पडद्यावर हजर!

“निदान पाठवण्याआधी एकदा नजरेखालून घालत जा,” बाई म्हणाल्या.

“मग यंत्र कशाला केलं, बाई?” सगळे हसले. 

ताई शहरातल्या मोठ्या इस्पितळात अशाच एका खिडकीवर बावीस वर्षं औषधं देत होती. हल्ली तिचा उजवा हात थरथरायचा. वरिष्ठांना कळलं तर खिडकी गेलीच, हे ती ओळखून होती. म्हणून तिने फक्त भावाला सांगितलं.

“शेजारचंच बटण दाबलं जातं रे. काही करता येईल का? पण या कानाचं त्या कानाला कळू देऊ नकोस.”

त्याने तासाभरात बटण मोठं केलं आणि सवयीने नोंद ठोकली: औषधखिडकीवरच्या ताईसाठी, तिचा हात थरथरतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी चाळीस इस्पितळांनी वाचलं: “औषधखिडकीवरच्या आपल्या एका ताईंचा हात थरथरतो. त्यांच्यासाठी, आणि तुम्हा सर्वांसाठी, आता मोठं बटण!” पुढे एक फूलही होतं.

धाकट्यानेही ते पान वाचलं. ताईला फोन करायची छाती झाली नाही. त्याऐवजी तो निस्तरायला बसला. त्याने ती ओळ पुसली. पण पुसणं हाही बदलच. रकाने पुढे उभे. कोणासाठी? मोठ्या इस्पितळातल्या ताईसाठी. का? तिच्या हाताचं उघड होऊ नये म्हणून. घाईत त्याने भराभर लिहिलं आणि सुटकेचा नि:श्वास टाकला. यंत्र बंद करायचं तेवढं राहिलं.

तिसऱ्या दिवशीचं पान असं होतं: “मोठ्या इस्पितळातल्या ताईंच्या हाताचं उघड होऊ नये, म्हणून कालची ओळ काढली आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व!”

तो धावतच इस्पितळात गेला. खिडकीवर दुसरंच कुणी बसलं होतं. ताई मागच्या कोठारात खोक्यांना चिठ्ठ्या चिकटवत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

“मला वाटलं, पुसलं की संपेल,” तो कसाबसा म्हणाला.

ताईने हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

“काल सगळ्यांनी विचारलंच होतं रे. मी हसून म्हटलं, चाळीस खिडक्या आहेत, असेल दुसरी कुणी. पटलंही होतं त्यांना. आज सकाळी तुझं क्षमस्व वाचलं, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर मला हात पुढे करायला सांगितला.”