काकूच्या पेल्यातलं विष

दुपारी तीनच्या ठोक्याला छुन-ल्यानला टीव्हीसमोरून उठवायची कोणाची हिंमत नव्हती. चीनमधल्या शाओशिंग गावात तिच्या गल्लीतल्या निम्म्या बायका तीच मालिका बघत होत्या. सेनापतीवर सख्ख्या भावानं राजद्रोहाचं बालंट आणलं, घरातल्या सगळ्यांची मुंडकी उडाली, वाचली ती एक मुलगी. बारा वर्षांनी ती वैद्यीण बनून काकाच्याच घरात शिरली आणि एकेकाचं उट्टं काढू लागली. कटातला कोणी मेला की सदुसष्ट वर्षांची छुन-ल्यान मांडीवर थाप मारायची.

तिचंही एक उट्टं राहिलं होतं. एकोणऐंशी साली वडील दारूच्या कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांच्या जागी घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला नोकरी मिळणार होती. थोरली छुन-ल्यान तेव्हा पार उत्तरेला, सरकारनं शेतावर राबायला पाठवलेल्या शहरी पोरांमध्ये नऊ वर्षं अडकली होती. पत्र मिळताच ती निघाली. पाच दिवसांचा प्रवास करून घरी पोचली, तर धाकटी वेन-छिन आठवड्यापासून कामावर जात होती.

"आईनं ठरवलं. मी काय करणार?" वेन-छिन म्हणाली होती.

छुन-ल्यान परत बर्फात गेली. पुढे गावी आल्यावर वीस वर्षं गाडीवर सोयाचं दूध विकलं. बहिणी लग्नकार्यात भेटायच्या. अकरा वर्षांपूर्वी आई गेली आणि तेही संपलं.

म्हणून भाचीचा, यी-नानचा, फोन आला तेव्हा ती चकित झाली.

"मावशी, आईच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालंय. पंधरा दिवस पालथं पडून राहायचंय. नुसतं ऐकून तिला मालिका कळत नाही. म्हणते, सगळ्या बायांचे आवाज सारखे, कोण कोणाला मारतंय पत्ता लागत नाही. तू बघतेस ना? रोज फोनवर सांगशील?"

"तुझ्या आईला जीभ नाही का विचारायला?"

मागून दबका आवाज आला, "सांग ना गं, ताई."

पहिल्या दिवशी छुन-ल्याननं बातम्या वाचाव्यात तसं सांगितलं. चौथ्या दिवशी ती काकाचा घोगरा आवाज काढत होती आणि पलीकडे वेन-छिन उशीत तोंड खुपसून हसत होती.

मग मालिकेतली काकू पकडली गेली. कटाची सगळी पत्रं तिनंच पोचवली होती. ती पाया पडली आणि सेनापतीच्या मुलीनं तिला चक्क उठवून जाऊ दिलं! छुन-ल्यान टीव्हीवरच खेकसली, "मेलेल्यांना विचारलंस का, बये?"

फोनवर सांगताना मात्र तिनं काकूला विष पाजलं.

"मुलगी म्हणाली, जागा माझी होती. मी बर्फात कुडकुडत होते, तेव्हा तू माझ्या जागेवर बसून जेवत होतीस. घे, पी."

वेन-छिन म्हणाली, "सेनापतीच्या घरी बर्फ कुठून आला, ताई? यी-नाननं आजचा भाग सकाळीच मोबाईलवर वाचून दाखवलाय. काकू सुटली."

"मग मला कशाला बोलायला लावलंस?"

"तू काय करतेस ते ऐकायचं होतं. आई म्हणत होती, थोरली येईपर्यंत थांबू. मी बाबांच्या मागे लागून कारखान्यात गेले. तू पोचायच्या आत नाव लागावं म्हणून. आईवर मी ढकललं."

छुन-ल्याननं फोन ठेवला.

बहिणीवरचा राग तिच्या सवयीचा होता, त्याचं काही नाही. पण आईच्या शेवटच्या आजारपणात ती स्वतः तिला रोज औषध द्यायची आणि एक शब्द गोड बोलायची नाही. आई बघत राहायची, काय चुकलं ते विचारायचीही नाही. तीन दिवस छुन-ल्यानला दुसरं काही सुचलं नाही. भरचौकात काकाचं मुंडकं उडायचा भाग लागला, तो तिनं अर्ध्यात बंद केला.

चौथ्या दिवशी ती बसनं बहिणीच्या घरी गेली. वेन-छिन मधे भोक असलेल्या उशीत तोंड घालून पडली होती. तिला फक्त जमीन दिसत होती.

"ही पावलं तुझीच," ती म्हणाली. "अंगठा अजून तसाच वाकडा."

"आईशी मी वाईट वागले. तुझ्यामुळे. हे मी सोडणार नाही, सांगून ठेवते."

"नको सोडूस."

छुन-ल्यान उभीच होती. दवाखान्यात आईनं तिचा हात धरायला बघितला होता आणि तिनं धरू दिला नाही, तेही तिनं सांगितलं. वेन-छिन रडायला लागली, तशी छुन-ल्यान ओरडली, "रडू नकोस, डोळा जाईल!" आणि स्वयंपाकघरात गेली. भाताची पेज गरम करून वाटीत नळी घातली आणि जमिनीवर बसून वाटी उशीखाली धरली.

तीन वाजले होते. वेन-छिन पेज ओढता ओढता म्हणाली, "टीव्ही लाव की. आणि या वेळी खरं सांग."

"दरबार भरलाय," छुन-ल्यान म्हणाली. "म्हातारा राजा आलाय, दाढी खोटी वाटते."

"आणि मुलगी?"

"थांब गं, अजून दारात आहे."