जगाशी मैत्री आणि वसतिगृहाला कुलूप

मामेभावाने विद्यापीठात ‘विश्वबंधू’ नावाची संघटना काढायचं ठरवलं, तेव्हा चिमटीला आधी हसू आलं, मग कीव. बोलण्यात चिमटे काढते म्हणून घरात तिला हे नाव पडलेलं. ज्याने जन्मात स्वतःचं ताट उचललं नाही, तो आता परदेशातल्या दुःखितांना आधार द्यायला निघाला होता. पण आईने गळ घातली. "माझ्या भावाचा एकुलता एक मुलगा आहे गं. जरा हातभार लाव." म्हणून ती चिटणीस झाली.

पहिली सभा भूगोल विभागाच्या नकाशांच्या खोलीत भरली. बोधचिन्हात दोन हात असावेत की तीन, यावर चहा गार होईपर्यंत खल चालला. एकाने कबुतर सुचवलं, तर बाकीचे त्याच्यावर असे तुटून पडले की बिचारा पुढे तोंड उघडेना. मग टी-शर्टांचा रंग. मदत कुठल्या देशाला करायची हे सगळ्यात शेवटी निघालं. नुकताच पूर येऊन गेलेला एक डोंगराळ देश ठरला, कारण तिथे फोटो छान येतात.

त्या देशाचे चौघं विद्यापीठातच शिकत होते. त्यांच्यातला पशुवैद्यकीचा उंचापुरा मुलगा, ज्याला सगळे डॉक्टर म्हणत, उद्घाटनाच्या दिवशी मंचावर बसवला गेला.

"तू फक्त तिथल्या वेदनेबद्दल बोल," भावाने त्याला बजावलं. "शेवटी आवंढा गिळलास तर उत्तमच."

डॉक्टरने माईक हातात घेतला. "आमच्या घरचे सुखरूप आहेत. अडचण इथे आहे. सुट्टीत वसतिगृहाला कुलूप लागतं. एरवी आम्ही घरी जातो, यंदा रस्तेच वाहून गेलेत. सुट्टीपुरती चौघांना कुठे जागा मिळाली तर फार बरं होईल."

भाऊ हसत उठला. "तुझ्या भावना पोचल्या, मित्रा. पण हा प्रश्न वसतिगृहाचा आहे. आपलं काम आंतरराष्ट्रीय."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! चिमटीचे कान तापले.

"परदेशातून आलेत ते," ती जागेवरूनच म्हणाली. "आणखी किती आंतरराष्ट्रीय हवंय तुला?"

"तुला कळत नाहीये. प्रकल्प म्हटला की तिकडे जावं लागतं."

तिने छातीवरचा बिल्ला काढला आणि त्याच्या चहाच्या बशीत टाकला. आजवर ती त्याला नुसता मिरवखोर समजत होती. तो इतका पोकळ असेल असं वाटलं नव्हतं. अर्थात इतके दिवस नाक मुरडत ती त्याच्याच शेजारी बसली होती, आणि त्या चौघांची विचारपूस तिनेही केली नव्हती. हेही तिला डाचलंच.

चौघांना सुट्टीपुरतं आपल्याकडे बोलावलंय हे तिने घरी सांगितलं, तेव्हा आईने कपाळाला हात लावला. "एकदम चार? मला विचारायचंस तरी!" पण बोलता बोलताच तिने मागच्या खोलीतलं शिलाई मशीन सरकवायला घेतलं. दोघं इथे आणि दोघं शेजारच्या काकूंकडे असं ठरलं.

मुलं सामान घेऊन आली त्या सकाळी भाऊही हजर झाला, छायाचित्रकाराला घेऊन.

"आत्या, आपल्या संघटनेचा पहिला उपक्रम!" त्याने गादीचं एक टोक धरलं आणि कॅमेऱ्याकडे मान वळवली.

"धरलीच आहेस तर वर ने," आई म्हणाली.

जिन्याच्या वळणावर त्याला उसण भरली. "आला ना फोटो?" त्याने खाली विचारलं, गादी तिथेच सोडली आणि कंबर चोळत निघून गेला. गादी डॉक्टरने आणि चिमटीने वर ओढली.

फोटो विद्यापीठाच्या पत्रिकेत छापून आला. संघटना पुढे तिकडे जाऊन कुठल्याशा शाळेच्या भिंती रंगवून आली. चिमटीने निरोपालाही जायची तसदी घेतली नाही. चौघं मात्र सुट्टीभर राहिले आणि नंतरही येत-जात राहिले.

भावाचा विषय निघाला की चिमटीच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. आई तेवढी गप्प बसते. काही झालं तरी माहेरचं माणूस.