बाप्तिस्म्याला आणलेलं विहिरीचं पाणी

कुशाबाई एकदा म्हणाली की म्हणाली; तिच्यापुढं कुणाचं शहाणपण चालत नसे. नातीच्या बाप्तिस्म्याला पाणी आपल्याच विहिरीचं न्यायचं, म्हणाली. त्यांच्या मंडळीत रीतच तशी, ज्याचं लेकरू त्याच्या विहिरीचं पाणी. तिच्या लेकाचा, दाऊदचा बाप्तिस्माही याच पाण्यानं झाला होता. म्हणून अवसरी बुद्रुकहून जुन्नरच्या चर्चपर्यंत एसट्या बदलत तिनं त्या पाण्यानं भरलेली पितळी चरवी मांडीवर सांभाळून आणली. दाऊदला कारखान्यानं सुट्टी दिली नव्हती, तेव्हा सोबत सून आणि तान्ही आरोही, एवढंच.

"आत्या, वास येतोय. लोकं बघत्यात," सून हर्षाली गाडीत हळूच म्हणाली.

"येऊ दे. वास यावा म्हणूनच आणलंय."

आता खरं सांगायचं तर दोष तिचाही होता. ओढ्याच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला, दाऊदला तिथं काम लागलं, तेव्हा हिनंच भर उपासनेत उभं राहून देवाचे आभार मानले होते. आता विहिरीवर तांबूस साय धरत होती आणि आरोहीच्या अंगावर चट्टे उठत होते. गावाच्या तक्रार-अर्जावर मंडळीचाही शिक्का पडावा, एवढंच तिचं मागणं. तीनदा मागितलं, तीनदा पंचांनी पुढं ढकललं. ढकलतील नाहीतर काय? चर्चवरचे नवे पत्रे कारखानदारानं दिलेले, खाल्ल्या मिठाला जागायला नको?

पाळकसाहेबांनी चरवीवरचं फडकं काढलं आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

"कुशाबाई, हे लेकराच्या डोक्यावर कसं घालू?"

"आमी रोज अंगावर घेतो, साहेब. देवानं दिलेलं पाणी हाय. काय झालंय त्याचं, ते त्याच्याच घरात त्याला दाखवायला आणलंय."

मग एका पंचानं मागच्या खोलीतून थंड पाण्याचा जार आणला. त्याच पाण्यानं बाप्तिस्मा झाला, गीत झालं, आरोही हसलीसुद्धा. कुशाबाईला गाताच आलं नाही.

उपासना सुटल्यावर ती पाळकांपुढं उभी राहिली. "आन शिक्क्याचं?"

"पुढच्या बैठकीत बघू," ते खाली बघत म्हणाले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता.

"बरं," म्हणत ती चरवी घेऊन दारातल्या सीताफळाकडं वळली.

"तिथं नका ओतू, झाड जळेल," पाळकसाहेब बोलून गेले. मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण झाडाकडं केलेला हात त्यांनी मागं घेतला.

कुशाबाईनं पाणी ओतलं नाही. चरवीवर फडकं बांधलं आणि एसटी स्टँडचा रस्ता धरला.

संध्याकाळी हर्षालीनं त्याच विहिरीचं पाणी शेंदलं, तापवलं आणि आरोहीला न्हाऊ घातलं. दुसरं पाणी घरात नव्हतं.